संकुल टिकाऊ आहे की नुसतं सुस्त?

असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना मी आधी एकच विचारते: 'हे संकुल स्थिर आहे' म्हणजे नक्की काय? (संकुल म्हणजे मधला धातूचा आयन आणि त्याला जोडलेले रेणू किंवा आयन.) 'सहज तुटत नाही', हे ठरलेलं उत्तर. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. समतोल आल्यावर संकुल किती उरेल, हा एक. तो समतोल यायला वेळ किती लागेल, हा दुसरा. स्थिरता स्थिरांक (जितका मोठा, तितकं समतोलात संकुल जास्त) फक्त पहिल्याचं उत्तर देतो. अभ्यासक्रमात हे दोन विषय एकमेकांपासून इतके लांब का ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

सायनाइडची संकुलं बघा. निकेलच्या टेट्रासायनाइडचा स्थिरांक १० च्या ३० व्या घाताच्या आसपास, म्हणजे प्रचंड. तरी द्रावणात किरणोत्सारी कार्बन असलेलं सायनाइड टाकलं, तर संकुलातल्या सायनाइडशी त्याची अर्धी अदलाबदल साधारण अर्ध्या मिनिटात होते. क्रोमियम +३ च्या हेक्सासायनाइडला त्यासाठी सुमारे २४ दिवस लागतात. उलट कोबाल्ट +३ चं हेक्साअमाइन आम्लात तुटायलाच हवं, समतोलाचं गणित तसंच सांगतं. पण ते थंड आम्लात दिवसेंदिवस तसंच राहतं. रसायनशास्त्रज्ञ हेन्री टॉब यांनी १९५२ मध्ये या वेगांची सांगड डी-इलेक्ट्रॉनांच्या मांडणीशी घातली. डी३ (तीन डी-इलेक्ट्रॉन, जसं क्रोमियम +३) आणि लो-स्पिन डी६ (सहा डी-इलेक्ट्रॉन, सगळे जोडीने, जसं या कोबाल्ट +३ मध्ये) दिसलं की घाई करायची नाही, एवढं सुरुवातीला पुरतं.

प्रयोगाच्या टेबलावर याचा फटका ईडीटीए टायट्रेशनमध्ये बसतो, म्हणजे धातूला घट्ट पकडणारं ईडीटीए थेंबाथेंबाने घालून धातू मोजताना. कॅल्शियमच्या स्थिरांकाचा लॉग ११ च्याही खाली, क्रोमियम +३ चा २३ च्या आसपास. कॅल्शियम मात्र थेंबागणिक प्रतिसाद देतं आणि क्रोमियम थंड द्रावणात ढिम्म. नवखे 'अभिक्रिया होत नाही' असं वहीत लिहून मोकळे होतात. जादा ईडीटीए घालून उकळा, गडद जांभळा रंग येईल. मग उरलेल्या ईडीटीएचं बॅक टायट्रेशन करा, म्हणजे ते दुसऱ्या धातूच्या द्रावणाने मोजा. क्रोमियम आयनाभोवतीचा पाण्याचा एक रेणू बदलायलाच काही दिवस लागतात, कॉपर +२ भोवती हेच सेकंदाच्या अब्जांश भागात उरकतं. त्यामुळे धातू हातात घेताना मी पाण्याच्या अदलाबदलीचा वेग आधी बघते, स्थिरांक नंतर.



सुस्तपणाचा फायदाही होतो. टेट्राक्लोरोप्लॅटिनेटवर (प्लॅटिनमभोवती चार क्लोराइड) अमोनियाची क्रिया केली की सिस समघटक मिळतो, म्हणजे दोन क्लोराइड शेजारी-शेजारी. टेट्राअमाइनपासून (चार अमोनिया) निघून क्लोराइड आत घातलं की ट्रान्स, म्हणजे दोन क्लोराइड समोरासमोर. ही ट्रान्स परिणामाची (जोडलेला गट आपल्या समोरच्या गटाला सैल करतो, त्याची) करामत, आणि प्लॅटिनम हळू चालतो म्हणूनच दोन्ही वेगळे हाती लागतात. सिसप्लॅटिन, म्हणजे हाच सिस समघटक, औषध म्हणून चालतं तेही याच जोरावर: रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून त्याचे क्लोराइड बहुतांशी जागेवर राहतात, पेशीत क्लोराइड कमी, तिथे पाणी त्यांची जागा घेतं आणि मग डीएनएशी बंध जुळतो.

नवं संकुल केलंत की त्याच द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा वक्र) लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी घ्या. वक्र बदलत असूनही सगळे एका ठरावीक बिंदूतून जात असतील, तर बहुधा एकाच रूपाचं थेट दुसऱ्यात रूपांतर होतंय. बिंदू सरकत असेल, तर मधलं एखादं रूप साचतंय असं समजून शोध घ्यायला लागा.