डिजिटल मॉडेलरमधून जुन्या डिलक्स रिव्हर्बचा आवाज कसा मिळवावा

गिटारच्या ॲम्प्लिफायरची (ॲम्पची) डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलर या उपकरणाचा आवाज कोरडा आणि कर्कश लागतो, अशी तक्रार करणाऱ्याला हमखास आणखी महागडा मॉडेलर घ्यायला सांगितले जाते. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. दोष बहुतेक वेळा ॲम्पच्या नकलेत नसतो. तो तिच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि तिच्यासमोरच्या माइकच्या नकलेत असतो, आणि तिथे एकही पैसा न खर्चता सुधारणा करता येते.

उदाहरणासाठी 1960 च्या दशकातला, काळ्या पॅनेलचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ॲम्प घेऊ. सुमारे 22 वॉट, दोन 6व्ही6 ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि 12 इंची एकच स्पीकर, एवढाच त्याचा संसार आहे. मॉडेलरमध्ये त्याची नक्कल, म्हणजे मॉडेल, निवडून व्हॉल्यूम 4 ते 5 च्या दरम्यान, ट्रेबल 6 वर आणि बास 3 वर ठेवावा. मूळ ॲम्पला मिडचा (मधल्या सुरांचा) नॉब नव्हताच, त्यामुळे मॉडेलमध्ये तो दिसला तरी त्याला हात लावू नये.

आता अवघड टप्पा. खरा ॲम्प जमिनीवर ठेवलेला असतो आणि आपण त्याच्यापासून चार पावलांवर उभे राहून ऐकतो, म्हणजे स्पीकरचा झोत आपल्या पोटऱ्यांवर येतो आणि कानापर्यंत खोलीत फिरून मवाळ झालेला आवाज पोहोचतो. मॉडेलरमध्ये मात्र स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवलेल्या माइकने टिपलेला आवाज असतो. त्यामुळे दोन्हींची तुलना करताना आपण खोलीतला आवाज आणि रेकॉर्डिंगमधला आवाज यांची तुलना करत असतो. माइक स्पीकरच्या मध्यावरच्या घुमटीसमोर असेल तर आवाज सुईसारखा टोचतो. तो कडेच्या दिशेने दोन-तीन सेंटीमीटर सरकवला की बाराव्या पडद्यावर ओढलेला सूर अचानक गोल लागतो. म्हणून ॲम्पच्या ट्रेबलशी झगडत बसण्यापूर्वी माइक सरकवावा, किंवा दुसरा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाचा ठसा टिपलेली फाइल) निवडावा. त्यानंतर साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आणि 6,000 हर्ट्झच्या वरचा भाग कापावा. गिटारचा स्पीकर तसाही 5,000 हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. शेकडो इम्पल्स रिस्पॉन्स गोळा करण्याच्या नादाला लागू नये. एक निवडावा आणि महिनाभर त्याच्यावरच वाजवावे.

सर्वांत मोठा फटका मला आवाजाच्या पातळीबाबत बसला. घरातले झोपल्यावर, हळू आवाजात, हेडफोन लावून मी चार प्रीसेट (साठवून ठेवलेल्या जुळण्या) मोठ्या कष्टाने तयार केले होते. पहिल्याच कार्यक्रमात त्यांतला बास इतका फुगला की आमच्या बास गिटारवाल्याचा एकही सूर नीट ऐकू येईना, आणि उघड्या तारांचे कॉर्ड ताटावर चमचा आपटल्यासारखे वाजले. याचे कारण फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मांडले होते: आवाज हळू असताना कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो आणि आवाज मोठा झाला की तेच अंगावर येतात. तेव्हापासून अंतिम जुळणी मी फक्त तालमीच्या खोलीत, ड्रम वाजत असताना आणि उभा राहूनच करतो. हेडफोनवर बनवलेला प्रीसेट रंगमंचावर न तपासता नेऊ नये, हे मी अगदी निक्षून सांगतो.

खऱ्या ॲम्पशी समोरासमोर तुलना करायची असेल तर फोनवरच्या मीटरने दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्यावी, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मॉडेलर जर गिटार ॲम्पच्या स्पीकरमधूनच वाजवणार असाल तर कॅबिनेटची नक्कल बंद करावी. ती चालू राहिली तर आवाज दोन गोधड्यांखालून आल्यासारखा येतो.

इफेक्ट्सबाबत फार अडचण नसते. डिले (प्रतिध्वनी) आणि ट्रेमोलो (आवाज लयीत कमीजास्त करणारा कंप) निर्धास्तपणे मॉडेलरमधले वापरावेत. स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून मिळणारा घुमारा) मात्र कॅबिनेटच्या आधी ठेवावा, कारण मूळ ॲम्पमध्ये तो स्पीकरपूर्वीच मिसळतो. फझपुरता (आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टपुरता) मी अजूनही खरा पेडल वापरतो आणि तो गिटारनंतर लगेच, कोणत्याही बफरच्या (सिग्नल टिकवणाऱ्या सर्किटच्या) आधी जोडतो. गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 6 वर आणल्यावर त्याचा आवाज ज्या तऱ्हेने निवळतो, तसे नकलेत मला अजून मिळालेले नाही.

सभागृहात पोहोचल्यावर प्रीसेट उघडून बसू नये. खर्ज घुमत असेल तर संपूर्ण आउटपुटच्या ईक्यूमध्येच (खर्ज-टीप कमीजास्त करण्याच्या सोयीत) तो थोडा उतरवावा आणि बाकी सारे तालमीत ठरवले तसेच ठेवावे.