इंग्रजीची चित्रकथा: आधी संवाद, मग चित्र

मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या मुलांकडून जोडीजोडीनं इंग्रजी चित्रकथा करून घेताना आधी संवाद लिहून घ्या, नाहीतर अख्खा तास रंगवण्यातच जातो. ए-फोर कागदाला तीनदा दुमडलं की आठ चौकटी मिळतात. सुरुवातीला चारच पुरेत. प्रसंग ओळखीचा हवा: एसटी चुकली, दुकानदाराकडे सुटे नाहीत.

फुग्यात पात्राचं बोलणं, 'आय अ‍ॅम लेट'. चौकटीच्या वरच्या पट्टीत निवेदन, 'ही वॉज लेट'. वर्तमान आणि भूतकाळातला फरक इथे मुलांना डोळ्यांनी दिसतो, म्हणून ही पट्टी अजिबात गाळू नका. चुका पेन्सिलीच्या मसुद्यातच सुधारा. चित्रात काडीची माणसंही चालतील.

फुगे कोरे ठेवलेली एक प्रत दुसऱ्या जोडीला भरायला द्या आणि मूळ आणि नवे, दोन्ही संवाद मोठ्यानं वाचून घ्या.