दुकान, कॅफे, हॉटेलचं इंटिरियर करताय? फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा

इंटिरियर करायचं म्हटलं की पहिल्या दिवसापासून मोबाईलमध्ये फोटो साठायला लागतात, वेताचे दिवे, गोल कमानी, मायक्रोकाँक्रीटच्या भिंती, आणि मग सगळी चर्चा त्या फोटोंभोवतीच फिरते. पण फोटोत आवाज येत नाही, खुर्ची टोचते ते कळत नाही, ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाला वळायला जागा आहे का तेही दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र याच गोष्टींमुळे थांबतं किंवा उठून जातं, त्यामुळे मी कायम उलट्या बाजूनं सुरू करायला सांगतो, रंग आणि टाइल्स सगळ्यात शेवटी.

आधी मास्किंग टेप आणा आणि रिकाम्या जागेत जमिनीवर खऱ्या मापानं सगळं आखून काढा, टेबलं, खुर्च्या मागे सरकवलेल्या अवस्थेत, काउंटर, दारं उघडल्यावर किती जागा खातात ते पण. मग दोनतीन जणांनी एकदम त्यातून चालून बघायचं. मुख्य वाट 120 सेंमी तरी ठेवा, बसलेल्या माणसाच्या पाठीमागून जायला 90, आणि व्हीलचेअर जागच्या जागी वळायला 150 सेंमीचं वर्तुळ मोकळं लागतं. ड्रॉइंगवर हे सगळं बसलेलं दिसतं पण टेपमधून चालताना कळतं की बिल द्यायची रांग आणि आत येणारी माणसं एकमेकांना धडकतायत. दुकान असेल तर दाराच्या आतली पहिली दोनेक मीटर जागा शक्यतो मोकळी सोडा, बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे आणि चाल स्थिरावेपर्यंत तिथं ठेवलेला माल बऱ्याचदा बघितलाच जात नाही.

बसायची मापं पटकन सांगतो. टेबल 75 सेंमी उंच, खुर्चीची बैठक 45, मधला फरक 28 ते 30 चा हवा, आणि प्रत्येकाला टेबलावर 60 सेंमी रुंदी. सोफा घेताय तर त्यावर बसून माप घ्या, कारण गादी दबते आणि टेबल एकदम छातीला येतं.

आता आवाज. यावर जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि नंतर दुरुस्ती महाग पडते. हल्लीची फॅशन म्हणजे उघडं सीलिंग, काच, काँक्रीट, टाइल्स, म्हणजे सगळं कडक, आवाज कुठं शोषलाच जात नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, मग शेजारचं टेबल अजून चढवतं आणि तासाभरात अख्खी खोली ओरडत असते. काम करणारी मुलं तर दिवसभर त्यातच असतात, त्यांचा विचार कुणीच करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

याचं गणित जुनंच आहे. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये बोललेलं काही समजत नव्हतं, आवाज पाच सेकंदांहून जास्त घुमायचा, तेव्हा वॉलेस सेबिन या प्राध्यापकानं जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून हॉलमध्ये मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून आलेलं सूत्र आपण आजही वापरू शकतो, आवाज किती सेकंद घुमेल ते त्यातून कळतं: घनमीटरमधलं खोलीचं आकारमान गुणिले 0.161, भागिले खोलीतलं एकूण शोषण, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा शोषतो, या सगळ्यांची बेरीज. समजा खोली 10 बाय 6 मीटर, उंची 3, म्हणजे 180 घनमीटर. सगळं कडक असेल तर शोषण जेमतेम 11 चौरस मीटर भरतं, म्हणजे आवाज अडीच सेकंदांहून जास्त घुमतो. सीलिंगचा 40 चौरस मीटर भाग 0.8 शोषण असलेल्या, म्हणजे पडलेल्या आवाजाचा 80 टक्के शोषणाऱ्या, पॅनेलनं झाकला की तोच आकडा 0.7 सेकंदाच्या आसपास येतो आणि गप्पा मारायच्या जागेला तेवढा छान. बघा, भिंतीला हात पण लावला नाही. उघडं सीलिंगच आवडत असेल तर तीच पॅनेलं आडवी किंवा उभी टांगा, चालतं.

एक सांगतो, हे अगदी मनापासून. स्वस्तातला साधा फोम भिंतीला चिकटवू नका, अंड्याच्या ट्रेसारखा दिसतो तो. पातळ फोम खालच्या पट्टीतले आवाज शोषतच नाही, आणि पेटला तर काही क्षणात खोली विषारी धुरानं भरते. 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये असाच फोम आतषबाजीनं पेटून 100 माणसं गेली, 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात 242. काचलोकर (ग्लासवूल) किंवा पीईटी फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या पॉलिस्टर धाग्यांची, पॅनेलं घ्या आणि आगीच्या चाचणीचा कागद हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. बाहेर पडायच्या दारासमोर कुंड्या, स्टॅंड काहीही ठेवायचं नाही.

लाइटचं थोडक्यात. खाण्याच्या जागी 2700 ते 3000 केल्विन (हे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तेवढा लाइट पिवळसर), कपड्यांच्या दुकानात 3500 ते 4000 चालेल, पण एका नजरेत दोन वेगळे पांढरे दिसता कामा नयेत. बल्बच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, 90 च्या वर आहे का बघा, नाहीतर लाल रंग मळकट दिसतो, कापडाचा पण आणि माणसाच्या चेहऱ्याचा पण. टेबलावरचा टांगलेला दिवा टेबलाच्या वर 70-80 सेंमीवर, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकत नाही. ट्रायल रूममध्ये फक्त डोक्यावरून लाइट सोडला की डोळ्याखाली सावल्या पडतात आणि चांगला कपडा पण अंगावर वाईट दिसतो, आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे लावा. मला वाटतं दुकानात पैसा घालायची सगळ्यात योग्य जागा हीच. आणि सगळे लाइट एका स्विचवर नकोत, टेबलं, काउंटर, साफसफाई वेगवेगळं, डिमरसकट.

दारात पायरी असेल तर रॅम्प 1:12 चा, म्हणजे 15 सेंमी चढायला 1.8 मीटर लांबी, हे पहिल्या ड्रॉइंगमध्येच धरा कारण नंतर जागा उरत नाही. काउंटरचा एक तुकडा 75-80 सेंमीवर खाली घ्या, व्हीलचेअरवरचा माणूस आणि लहान मूल दोघांनाही समोरचा दिसतो.

मटेरियल आता निवडा. नमुना हातात घेऊन त्यावर पाणी आणि तेल सांडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून बघा, फरशीचा तुकडा ओला करून त्यावर चप्पल घालून उभे राहा.

उघडायच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. प्रत्येक खुर्चीवर दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा बसा, दहा मिनिटं तरी, कुठं डोळ्यात लाइट जातो, कुठं एसीचा झोत मानेवर येतो, कुठून टॉयलेटचं दार दिसतं ते वहीत लिहा, आणि सुतार, इलेक्ट्रिशियन साइटवर आहेत तोवरच ती यादी त्यांच्या हातात द्या.