घायपाताचे बेणे गोळा करण्याआधी गुणसूत्रे मोजा

कोरडा हंगाम संपत आला की घायपाताच्या लागवडीसाठी बेणे जमवायची घाई सुरू होते. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हातात हवे: आपल्या शेतातले घायपात किती गुणसूत्रांचे आहे? बियांपासून रोपे होतील का, संकर साधेल का, हे बरेचसे या आकड्यावर ठरते.

घायपाताचा मूळ संच 30 गुणसूत्रांचा. त्यातली 5 ठसठशीत मोठी, 25 अगदी बारीक. टकीला हे मेक्सिकोतले मद्य ज्यापासून करतात ते निळे घायपात द्विगुणित, म्हणजे दोन संचांचे, 60 गुणसूत्रांचे. वाखासाठी लावतात ते सिसल पंचगुणित, म्हणजे पाच संचांचे, 150च्या आसपास. काही मोजण्यांत आकडा थोडा कमीही भरला आहे. वाखाचीच दुसरी जात कँटाला त्रिगुणित, 90चे. हेनेकेन या वाखाच्या जातीत 90 आणि 150 असे दोन्ही प्रकार सापडतात, तर अंगुस्तिफोलिया या जातीत 60, 120 आणि 180 असे तिन्ही. एका संचात सुमारे 400 कोटी बेस जोड्यांचा (बेस जोडी म्हणजे डीएनएच्या साखळीतली एक कडी) डीएनए असतो आणि संच वाढतात तसा पेशीतला डीएनएही साधारण त्याच पटीत वाढतो.

संच जास्त म्हणजे उत्पन्न जास्त, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. पंचगुणित सिसल फुलावर येईपर्यंत साधारण 200 ते 250 पाने देते. टांझानियात तयार झालेला 11648 क्रमांकाचा संकर द्विगुणित आहे, तरी तो 600च्या वर पाने देतो. हा संकर अमानिएन्सिस आणि अंगुस्तिफोलिया या घायपाताच्या दोन जातींचा. संकर घ्यायला पैदासकारांना सिसल सोडून दुसऱ्या जाती शोधाव्या लागल्या, कारण सिसलला बी नीट धरत नाही. पाच संच असले की बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत, वाटणी विस्कटते आणि बहुतेक बोंडे रिकामी गळतात. त्रिगुणितातही तीच अडचण. म्हणून सिसल, कँटाला आणि हेनेकेनसाठी बियांची वाट पाहू नका. फुलदांड्यावर फुले गळाल्यानंतर येणारी इवली रोपे, म्हणजे बुलबिल, आणि बुंध्याजवळचे फुटवे हेच तुमचे बेणे. द्विगुणित वाणात बियांचा रस्ता खुला असतो. पण दांडा दिसताच तो छाटला, तर तोही बंद होतो. मेक्सिकोत काही उत्पादक सुमारे 5 टक्के झाडे मुद्दाम फुलू देतात. वटवाघळांना मध मिळतो आणि बी धरते. ज्यांच्याकडे निळे घायपात आहे त्यांनी हे जरूर करावे.

कारण नुसत्या फुटव्यांवर वाढवलेले शेत म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. 1893 साली फ्लोरिडाहून टांगानिकाकडे, म्हणजे आजच्या टांझानियाकडे, 1000 बुलबिल निघाले, त्यातले 62 जगले आणि तिथल्या सिसल शेतीची सुरुवात त्यांच्यापासून झाली. इतक्या अरुंद पायावर एखादा रोग बसला, तर एका झाडाला जे होईल ते सगळ्यांना होऊ शकते. शक्य असेल तिथे दोन-तीन वेगवेगळ्या मूळ झाडांचे बेणे वेगळ्या ओळींत लावा. 11648 लावणाऱ्यांनी निचऱ्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण पाणी साचले की त्याला झेब्रा रोग, म्हणजे पानांवर पट्टे उठवून ती कुजवणारा रोग, गाठतो.

मोजणी प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी लागते, पण नमुना नीट देणे तुमच्या हातात आहे. फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशीतला डीएनए चमकेवरून मोजण्यासाठी, सुरळीतले सर्वांत कोवळे पान लागते. ते ब्लेडने चिरतात, डीएनएला रंग देतात आणि ज्याचा डीएनए माहीत आहे अशा झाडाशी चमक ताडून पाहतात. पान कापताना हातमोजे घाला, रसाने कातडी जळते. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहायची असतील, तर मुळांची कोवळी पांढरी टोके हवीत. कुंडीतल्या फुटव्याला पाणी दिल्यावर ती फुटतात, सकाळी खुडा. सगळी 150 गुणसूत्रे मोजताना डोळे शिणतात, बारीक तर ठिपक्यांसारखी एकमेकांवर पडलेली असतात. म्हणून मोजणाऱ्याला आधी मोठी मोजायला सांगा: 10 भरली तर द्विगुणित, 15 तर त्रिगुणित, 20 तर चतुर्गुणित, 25 तर पंचगुणित. उंची किंवा पानाची रुंदी पाहून केलेला अंदाज मात्र धरू नका, जमीन आणि पाणी त्याला सहज फसवतात.

बेणे घेताना मूळ झाड निरोगी आणि भरपूर पाने दिलेले असावे. उशिरा फुलणारे झाड अधिक चांगले. अकाली दांडा टाकणाऱ्या झाडाचे बुलबिल कितीही भरघोस दिसले तरी घेऊ नका. बुलबिल आधी रोपवाटिकेत वाढवा, रोपे 30 ते 40 सेंटिमीटरची झाली की शेतात न्या. वाफ्यात पांढरट किंवा पिवळ्या पट्ट्यांची रोपे दिसतील, ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या, रोपांत विशेषतः. ती तिथेच उपटून टाका. प्रत्येक वाफ्याला मूळ झाडाचा क्रमांक आणि मोजलेला गुणसूत्रांचा आकडा लिहिलेली पाटी लावा, म्हणजे पुढच्या हंगामात बेणे मिसळणार नाही.