नसीम हमेदला यादीत बसवताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या गंगावेशीत सकाळी दूध प्यायला थांबलो की आठवड्यातनं एकदा तरी एखादं पोरगं मोबाईल पुढं करतं. "दादा, ह्यो बघा. असला फेदरवेट जगात झालाच न्हाई." चाळीस सेकंदांची रील असते. बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी, हात मांडीपाशी लोंबकळतायत, समोरच्याचा ठोसा हनुवटीपासून दोन बोटांवरनं जातो, आणि मग कुठनंतरी खालनं एक डावा येतो. समोरचा आडवा. प्रिन्स नसीम हमेद, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा बॉक्सर, मूळ घराणं येमेनचं.

पोराचं चुकत नाही. मीपण त्याच वयात त्याच चड्डीवर भाळलो होतो. पण 'आवडता' आणि 'सर्वकालीन श्रेष्ठांतला' या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि दुसरी करताना लोक वीस वर्षं त्याच त्याच चुका करतायत.

वजनाचा अंदाज नसलेल्यांसाठी सांगतो. फेदरवेट म्हणजे १२६ पौंडांपर्यंत, साधारण ५७ किलो. राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं ते कुस्तीतल्या जवळपास याच वजनात.

जोड (म्हणजे समोर कोण होता ते) न बघता आकडे बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. "हमेद ३७ पैकी एकच हरला, ३६ पैकी ३१ नॉकआउट. विली पेप तर ११ वेळा हरला. मग मोठा कोण?"

अरे लेका, पेप, जुन्या काळचा फेदरवेट विजेता, २२९ लढती जिंकलाय. १९४८ ला सँडी सॅडलरपुढं उभा राहिला तेव्हा त्याच्या नावावर १३४ विजय, एक हार आणि एक बरोबरी होती. मधे १९४७ च्या जानेवारीत विमान कोसळून जबर जखमी झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा रिंगणात उतरला. सॅडलरनं त्याला पाडलं, तर पुढच्याच वर्षी त्यानं सॅडलरकडनं पट्टा, म्हणजे विजेतेपद, परत घेतला. नंतरच्या दोन्ही लढती सॅडलरनं जिंकल्या, ती हार पेपच्या आकड्यात दिसते. पण सॅडलर म्हणजे शंभरावर नॉकआउट असलेला माणूस. अशा जोडीशी चारदा भिडला म्हणून आकडा खराब झाला. न भिडलेल्याचा आकडा नेहमीच चकाचक असतो.

हे मला शिकवलं माझ्या मामांनी. तालमीत आयुष्य गेलेला माणूस, बॉक्सिंगचा गंध नाही. एका सुट्टीत मी त्यांना हमेदच्या लढती एकामागनं एक दाखवल्या. मला वाटलं, शाबासकी मिळेल. प्रत्येक लढतीनंतर मामा एकच विचारायचे, "ह्याची जोड कोण हुती?"

स्टीव्ह रॉबिन्सन, मी म्हटलं. १९९५, कार्डिफ, त्याच्याच घरात जाऊन आठव्या राऊंडला संपवला, हमेद फक्त २१ वर्षांचा. "बरं." टॉम जॉन्सन, १९९७, चार वर्षं पट्टा सांभाळलेला. "ही जोड बरी." विल्फ्रेडो व्हास्केझ, तीन वजनांत विजेता! "वय?" ३७. मामा हसले. वेन मॅककलो? ऑलिंपिकचं रौप्य आहे त्याच्याकडं. "कुठल्या वजनात?" खालच्या. बुंगू? तोही खालच्या वजनातनं वर आलेला. माझा आवाज उतरत गेला.

शेवटी मामा म्हणाले, "पोरगं गुणी हाय. पर जत्रंतल्या कुस्त्या आणि खासबागेतली कुस्ती येगळी." खासबाग म्हणजे आमचं कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान.

तेव्हा राग आला होता. आता मी तेच करतो. यादी करायच्या आधी एका कागदावर माणसाच्या सर्वांत मोठ्या पाच जोडी लिहितो. पुढं त्या दिवशी त्या जोडीचं वय आणि ती कुठल्या वजनातनं आली ते. हमेदचा कागद वाईट नाही, पण पेपच्या, सॅडलरच्या शेजारी ठेवला की फिका पडतो. त्यात एरिक मोरालेस नाही, हुआन मॅन्युएल मार्केझ नाही. दोघंही त्याच काळात, त्याच आसपासच्या वजनात होते.

बरेराची लढत आवाज लावून बघणं

२००१ ची गोष्ट. ७ एप्रिलला लास वेगासमध्ये हमेद विरुद्ध मार्को अँटोनियो बरेरा. आम्हाला सीडी मिळाली नंतर, आणि मी निकाल ऐकायचाच नाही असं ठरवून बसलो होतो. सहा जणांच्या तांबड्या-पांढऱ्याची पैज. हमेद जिंकणारच, कारण बरेरा आधी तीनदा हरलेला, दोनदा तर ज्युनियर जोन्सकडनंच.

बारा राऊंड संपले. मी उभा राहून ओरडलो, "लुटलं!" पैसे दिले, जेवलोही, पण महिनाभर प्रत्येकाला सांगत फिरलो की पंचांनी अन्याय केला.

बऱ्याच वर्षांनी तीच लढत मी आवाज बंद करून बघितली. कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून प्रत्येक राऊंड संपला की लगेच गुण लिहिले, पुढची घंटा व्हायच्या आत. हमेदला मी तीन राऊंड दिले. तीन! पहिल्यांदा मी काय बघत होतो, तर हमेदचा डावा. तो हवेत जरी फिरला तरी माझं काळीज उडायचं आणि डोक्यात गुण जमा व्हायचा. बरेरा काय करत होता ते दिसलंच नाही. तो हमेदच्या डाव्यापासून सतत लांब फिरत होता, घाई नाही, आणि हमेद उडी मारून आत आला की डाव्या हुकनं स्वागत. आधी भिडून मारामारी करणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस त्या रात्री हिशेबनीस झाला होता. शेवटच्या राऊंडला त्यानं हमेदचं तोंड कोपऱ्यातल्या गादीवर आपटलं, त्याचा एक गुण कापला गेला. (आमच्या मातीत तो डाव खपला असता.) तो गुण जाऊनही पंचांचे आकडे बरेराच्याच बाजूनं, ११५-११२, ११५-११२, ११६-१११. लूट वगैरे काही नव्हती.

पोरांना हे करायला सांगितलं की तोंडं पडतात. बारा राऊंड म्हणजे पाऊण तास, तेवढा वेळ कुणाला आहे? रीलला मात्र रात्री एकपर्यंत आहे.

हात खाली सोडणं म्हणजे कला, असं समजणं

हमेदचा प्रशिक्षक ब्रेंडन इंगल, त्याच्या शेफिल्डच्या जिममध्ये जमिनीवर रेघा आखलेल्या असायच्या. पोरं तासन्‌तास त्या रेघांवरनं पाय टाकायची. हमेद लहानपणापासनं तिथं वाढला, म्हणून हात खाली ठेवून वाचायचा. रील बघणाऱ्याला हात दिसतात, रेघा दिसत नाहीत. आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये दरवर्षी एक तरी 'प्रिन्स' येतो आणि पहिल्याच आठवड्यात नाकाला कापूस लावून बसतो.

प्रवेशाला गुण देणं

उडता गालिचा, धूर, रिंगच्या दोरीवरनं कोलांटी. बघायला लै भारी. शून्य गुण.

केली लढतीचा चुकीचा अर्थ लावणं

डिसेंबर १९९७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. केव्हिन केलीला चौथ्या राऊंडला झोपवलं, पण त्याआधी हमेद स्वतः तीनदा खाली गेला. लोक याला धैर्याचा पुरावा म्हणतात. आहेच. पण ती धोक्याची घंटापण होती: उडी मारून आत येताना हनुवटी वर आणि पाय हवेत. बरेरानं सव्वातीन वर्षांनी तेच वापरलं.

एका हारेवरनं "पोकळ होता" म्हणणं

उलट्या टोकाची चूक, आणि ही करणारे स्वतःला जाणकार समजतात. रॉबिन्सन, जॉन्सन, केली हे खरेखुरे विजय आहेत. त्या वजनात एका ठोशात लढत संपवणारे हातावर मोजण्याइतके झालेत. २०१५ ला त्याला अमेरिकेतल्या कॅनस्टोटाच्या बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते गालिच्यामुळं नव्हे.

"लवकर थांबला म्हणून" हे कारण देणं

हमेद २००२ ला, २८ व्या वर्षी शेवटचं लढला. "अजून पाच वर्षं मिळाली असती तर..." हे वाक्य ऐकलं की मी साल्वादोर सांचेझचं नाव काढतो. मेक्सिकोचा. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गाडीच्या अपघातात गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. तेवढ्यात त्यानं डॅनी लोपेझला दोनदा हरवलं. विल्फ्रेडो गोमेझ ३२ लढती जिंकून, ३२ च्या ३२ नॉकआउटनं, अपराजित आला होता, त्याला आठव्या राऊंडला संपवलं. आणि मरायच्या तीन आठवडे आधी अझुमा नेल्सनला पंधराव्या राऊंडला थांबवलं. मामांना मी हा कागद दाखवला होता. त्यांनी जोडीची नावं माझ्याकडनं दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "ह्यो पोरगा खासबागेत लढला असता."

माझ्या यादीत सांचेझ पहिल्या पाचात आहे. हमेद पहिल्या विसात, शेवटच्या तीन-चार जागांपैकी एकीवर, आणि त्याच्या नावापुढं मी कंसात 'मोरालेस नाही, मार्केझ नाही' असं लिहून ठेवलंय. परवा त्या दूधकट्ट्यावरच्या पोरानं बरेराच्या लढतीचा स्वतः लिहिलेला गुणांचा कागद आणून दिला. त्यानं हमेदला पाच राऊंड दिलेत. सातव्या राऊंडवरनं आमचं वाजलं, दूध गार झालं तरी मिटलं नाही.