ट्रान्स-हार्बरवर रेडिओ सिग्नलिंग बसवायचं तर आधी काय मोजायचं

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रेडिओवर चालणारं गाडीनियंत्रण, म्हणजे सीबीटीसी, आणायचं २०१९ मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा ३ए टप्पा (एमयूटीपी ३ए) मंजूर झाला तेव्हाच ठरलं होतं. त्यात सीएसएमटी-पनवेल, सीएसएमटी-कल्याण आणि चर्चगेट-विरार हे तीन मार्ग धरले होते. इथे उदाहरण घेतलंय ठाणे-वाशी-नेरूळ ट्रान्स-हार्बरचं. या मार्गावर मेल-एक्स्प्रेसची गर्दी नाही, त्यामुळे हिशोब स्वच्छ दिसतो. सिग्नल विभागात नव्याने आलेल्यांनी आणि ठेकेदाराकडून साइटवर उतरणाऱ्यांनी हा क्रम डोक्यात ठेवावा.

आधी तत्त्व, थोडक्यात. जुन्या पद्धतीत दोन सिग्नलांमधला संपूर्ण तुकडा पुढच्या गाडीच्या नावावर राहतो, मग ती त्या तुकड्याच्या शेवटाला पोचलेली का असेना. रेडिओ पद्धतीत प्रत्येक गाडी आपली जागा सतत कळवते. लाइनलगतचा झोन कंट्रोलर, म्हणजे त्या भागातल्या गाड्या सांभाळणारा संगणक, मागच्या गाडीला पुढच्या गाडीच्या शेपटीपर्यंतची परवानगी देतो, सुरक्षित अंतर वजा करून. ती शेपटी सरकली की परवानगीही पुढे सरकते. पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलण्याच्या सांध्यावर, मात्र ही सरकती मुभा नसते. तुर्भ्याच्या पुढे जिथे वाशी आणि नेरूळचे फाटे फुटतात, तिथे पॉइंट फिरून लॉक होईपर्यंत गाडीला थांबावंच लागतं. हे विसरून केलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात फसतं.

हेडवेचा हिशोब

हेडवे म्हणजे एकामागून एक जाणाऱ्या दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. १८० सेकंदांच्या अंतराने तासाला २० गाड्या जातात, १५० ने २४, आणि १२० ने ३०. हा फायदा रेडिओ बसवला की आपोआप मिळतो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. कागद घ्या आणि एका गर्दीच्या स्टेशनचा ढोबळ हिशोब मांडा. फलाटावर गाडी ३५ सेकंद थांबली. १२ डब्यांची गाडी साधारण २७० मीटर धरली आणि मागे ५० मीटर सुरक्षित अंतर ठेवलं, तर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग वेगवाढीने ३२० मीटर मोकळे व्हायला ३६ सेकंद लागतात. मागची गाडी ताशी ८० किमीवरून ०.६ ने ब्रेक लावत थांबायला ३७ सेकंद घेते. संगणक, रेडिओ आणि ब्रेकमध्ये हवा भरण्याचे १० सेकंद धरले की बेरीज ११८ होते. मूव्हिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे वरच्या सरकत्या परवानगीत, यातले काही सेकंद वाचतात, कारण पुढची गाडी सरकत असतानाच मागची आत येऊ लागते. तरीही १२० चं लक्ष्य ठेवलं तर हाताशी फारसं काही उरत नाही. एका दाराशी दहा माणसं जास्त लोंबकळली की मागच्या सगळ्या गाड्या उशिरा.

शेवटचं स्टेशन त्याहून कठीण. ठाण्यात गाडी परत फिरवताना तोच मोटरमन गर्दीतून अडीचशे मीटर चालत दुसऱ्या टोकाला गेला, तर चारेक मिनिटं जातात. म्हणून दुसरा मोटरमन गाडी येण्याआधीच मागच्या टोकाच्या जागी फलाटावर उभा हवा आणि गाडी थांबताच त्याने केबिन ताब्यात घ्यायला हवी. यासाठी माणसं वाढवावी लागतात. हा खर्च सिग्नलिंगच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, आणि तो धरला नाही तर वाढलेल्या गाड्या ठाण्याच्या तोंडाशीच अडून राहतात.

चाकाचा व्यास

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी आपली जागा दोन गोष्टींवरून ओळखते: रुळांच्या मधोमध स्लीपरवर बसवलेले टॅग (आपला क्रमांक गाडीला कळवणाऱ्या खुणा), आणि दोन टॅगांच्या मधल्या अंतरात चाकाचे फेरे. नवीन ईएमयू (लोकल गाडी) चाकाचा व्यास ९५२ मिलिमीटर असतो. लेथवर घासून घासून तो कमी होतो. समजा चाक ९३० वर आलं, पण संगणकात ९५२ च राहिलं. मग गाडी एक किलोमीटर गेली की संगणक जवळपास २४ मीटर जास्त मोजतो, म्हणजे एका डब्याच्या लांबीहून जास्त. गाडीला वाटतं आपण पुढे आहोत, तेव्हा तिची शेपटीही पुढे दाखवली जाते, आणि मागच्या गाडीला खऱ्याहून जवळ येऊ दिलं जातं. उलट चूकही तितकीच वाईट. नवं ९५२ चं चाक लावलं आणि नोंद ९३० चीच राहिली, तर मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२ ने धावत असते.

यंत्रणा ही शंका गृहीत धरून जागेभोवती अंतराचा पट्टा ठेवते, आणि प्रत्येक टॅगवर मोजणी दुरुस्त होते. तरीही कारशेडमध्ये शिस्त हवीच. लेथवरून रेक (पूर्ण गाडी) निघाला की एकाने व्यास मोजून नोंदवायचा आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा मोजून तपासायचा. शेडच्या बाहेरच्या रुळावर फीतने मोजलेल्या अंतरावर दोन टॅग पक्के बसवा आणि गाडी त्यांवरून नेऊन संगणकाचा आकडा जुळतो का पाहा. जुळला नाही तर रेक लाइनवर सोडू नका. पावसात चाक घसरतं किंवा लॉक होतं, तेव्हा नुसते फेरे खोटं बोलतात. म्हणून ब्रेक नसलेल्या चाकावरचा सेन्सर किंवा डॉपलर रडार, असा दुसरा साक्षीदार गाडीत ठेवावाच लागतो.

ब्रेकचं गणितही पावसाळ्याचं धरा. ताशी ८० वरून ०.८ ने थांबायला ३०९ मीटर लागतात, ०.६ ने ४१२. शंभर मीटरचा हा फरक कोरड्या एप्रिलच्या चाचणीत दिसत नाही.

रेडिओ, टॅग, केबल

२.४ गिगाहर्ट्झचा खुला बँड स्वस्त असतो, पण तो सगळ्यांचाच असतो. २०१२ मध्ये चीनच्या शेंझेन मेट्रोत प्रवाशांच्या खिशातल्या वाय-फाय उपकरणांनी गाड्या थांबवल्या होत्या. ऐरोली-घणसोलीला लाइनलगत आयटी पार्क आहेत आणि लोकलमधल्या जवळपास प्रत्येक खिशात हॉटस्पॉट. म्हणून सर्वेक्षण रविवारी दुपारी करून उपयोग नाही, ते सोमवारी सकाळी ९ च्या गर्दीत करा. शक्य तर राखीव बँडच मागा.

साधारण अडीचशे-तीनशे मीटरवर एक रेडिओ पोस्ट धरली तर १० किलोमीटरला ३३ ते ४० पोस्ट होतात. गाडी कुठेही असली तरी तिला दोन पोस्ट दिसल्या पाहिजेत, आणि त्यांच्या केबल दोन वेगळ्या बाजूंनी गेल्या पाहिजेत. एकाच चरात घातलेल्या दोन केबल ही नावापुरती दुहेरी सोय असते. एक जेसीबी दोन्ही तोडतो, एक घूस दोन्ही कुरतडते. जोडपेट्या जमिनीलगत बसवू नका. २६ जुलै २००५ ला त्या ठिकाणी पाणी कुठवर आलं होतं ते स्थानिक गँगमनला विचारा, आणि पेटी त्याच्या वर ठेवा.

टॅगांचा घोळ बहुतेकदा रूळ दुरुस्तीच्या रात्री होतो. रुळाखालची खडी ठोकून घट्ट करणारं टॅम्पिंग मशीन येण्याआधी टॅग काढले जातात आणि पहाटे घाईत दोन टॅग एकमेकांच्या जागी बसतात. सकाळची पहिली गाडी नकाशात नसलेल्या क्रमाने टॅग वाचते, स्वतःची जागा हरवते आणि आपत्कालीन ब्रेक लावते. उपाय साधा आहे: टॅगच्या अंगावर आणि शेजारच्या स्लीपरवर रंगाने एकच क्रमांक लिहा, काम झाल्यावर हँड रीडरने वाचून ताळा करा, मगच ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवलेला रूळ, सोडा.

ब्लॉक आणि बदल

रात्रीच्या तीन तासांच्या ब्लॉकमध्ये ओव्हरहेडचा करंट बंद होऊन अर्थिंग लागेपर्यंत आणि शेवटी सगळं पूर्ववत होईपर्यंत हाती दोन तासच उरतात. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये मोठी कामं घ्या: पॉइंटची जोडणी, इंटरलॉकिंगचे (पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेचे) बदल. न्यूयॉर्कच्या ७ नंबरच्या लाइनला २०१० च्या कंत्राटापासून २०१८ च्या अखेरीपर्यंत काळ लागला, तेव्हा इथे दोन वर्षांची स्वप्नं पाहू नका.

नवी यंत्रणा आधी काही महिने नुसती ऐकत ठेवा. गाडी जुन्या सिग्नलवर चालेल, नवा संगणक आपला निर्णय फक्त नोंदवेल, आणि रोज दोन्हींची तुलना होईल. जिथे सिग्नल लाल आणि संगणक मोकळा म्हणाला, ती प्रत्येक नोंद शेवटपर्यंत खणून काढा. ती एकदाच आली म्हणून सोडू नका.

एक्सल काउंटर, म्हणजे रुळावरून गेलेले आस मोजून तुकडा मोकळा की नाही ते सांगणारं यंत्र, काढू नका. टॉवर वॅगन (ओव्हरहेड तारांच्या दुरुस्तीची गाडी), खडीची गाडी, रेडिओ बंद पडलेला रेक, हे झोन कंट्रोलरला दिसत नाहीत. त्यांना फक्त एक्सल काउंटर पकडतो. मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, एका ब्लॉकमध्ये घणसोली ते रबाळे रेडिओ मुद्दाम बंद करा आणि मोटरमन, स्टेशन मास्तर, कंट्रोल यांच्याकडून बॅकअपवर दोन गाड्या घड्याळ लावून चालवून घ्या. फोन कुणी कुणाला करायचा, तो किती सेकंदांत उचलला गेला, हेसुद्धा लिहून ठेवा.