गिअर टाकला की 'खट्', नव्वदला थरथर : ड्राइव्ह शाफ्टचा दोष कसा शोधावा आणि कसा काढावा

क्लच सोडताना गाडीखालून 'खट्' असा ठोका येतो. किंवा हातखंब्याच्या पुढे रुंद रस्ता लागून काटा नव्वदवर गेला, की सीट थरथरायला लागते. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, 'शाफ्ट बदलून टाका.' शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांपर्यंत नेणारी फिरती दांडी. ताकदवान गाडीचा शाफ्ट स्वस्त नसतो, आणि तो बदलूनही ठोका तसाच राहिला तर पैसे गेले ते गेलेच. अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्याने हा दोष सहसा सापडत नाही. क्रमाने गेलात तर घरच्या अंगणातही बराचसा सापडतो.

पहिली गोष्ट, आवाज कुठून येतो यामागे लागू नका. गाडीचा पत्रा आवाज दूरवर वाहून नेतो, त्यामुळे मागच्या डिफरन्शियलचा (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) ठोका गिअर लिव्हरखाली ऐकू येतो. आवाज कधी येतो, ते पकडा. ती खूण फसवत नाही.

दोघांनी जा, एकाने लिहा

चालवणाऱ्याने फक्त चालवावे, शेजारच्याने वहीत टिपावे. पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता निवडा, आणि त्यानंतर एखादा घाट. रत्नागिरीकरांना आंबा घाट सोयीचा आहे. साखरप्याकडून चढताना शाफ्टवर पुढे ढकलणारा भार असतो, उतरताना इंजिनाच्या ब्रेकने तोच भार उलटा होतो. सपाटीवर हा फरक इतका स्पष्ट जाणवत नाही.

गाडी उभी, ब्रेक दाबलेला, आणि रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये टाकताना एकच जड ठोका आला, तर संशय आधी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर (त्यांना धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर) घ्या. माउंटिंग स्वस्त आहे आणि शाफ्टच्या नावावर खपणाऱ्या ठोक्यांत त्याचा वाटा मोठा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या मैदानात हळू गोल फिरताना 'टक-टक-टक' येत असेल आणि वेगाबरोबर टकटक वाढत असेल, तर चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टला वाकून फिरू देणारा सांधा) झिजला आहे. चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी अंग हलवते आणि पाय उचलताच शांत होते, तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बघा. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत सुटतानाच पहिल्या काही मीटरांत थरथर आली, तर प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतच्या लांब दांडीचे) कोन, किंवा त्याला मध्यावर आधार देणारे सेंटर बेअरिंग. थरथर फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर दोष डिस्कचा. तिथे हा लेख थांबवून ब्रेकचे काम करा.

आता सर्वांत उपयोगी चाचणी. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर, गाडी क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा; बंद केले तर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. घाटात हा प्रयोग कधीही करू नये. न्यूट्रलमध्येही थरथर कायम राहिली तर चाक, टायर किंवा प्रॉपेलर शाफ्ट. गेली, तर भाराखाली कुरकुरणारा जॉइंट किंवा इंजिनाकडची बाजू. त्यातही एकाच आरपीएमला, कुठल्याही गिअरात थरथर येत असेल तर शाफ्ट निर्दोष आहे.

थोडे गणित, फार कामाचे

२०५/५५ आर१६ मापाच्या टायरचा घेर सुमारे २ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट चाकाबरोबरच फिरतो, म्हणजे तोही १४. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचे गुणोत्तर ३ असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट सेकंदाला ४२ फेरे घेतो. झिजलेला किंवा चुकीच्या कोनात बसलेला क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचा फुलीच्या आकाराचा सांधा) प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणजे ८४. आतल्या ट्रायपॉड जॉइंटला तीन रोलर असतात, त्यामुळे त्याचे हिसके एका फेऱ्यात तीन.

मोबाइलवर कंपने मोजणारे फुकट अ‍ॅप मिळते. फोन सीटच्या रुळावर घट्ट बांधा, वेग स्थिर ठेवा आणि शेजारच्याला आकडा वाचू द्या. ताशी १००ला १४च्या आसपास उंचवटा दिसला तर चाक-टायर. मागच्या ओढीच्या गाडीत ४२ दिसले तर प्रॉपेलर शाफ्टचा तोल गेलेला. ८४पर्यंतचा आकडा सगळेच फोन नीट पकडत नाहीत, पण १४ आणि ४२ मधला फरक साधा फोनही दाखवतो. हा फरक म्हणजे नुसते बॅलन्सिंग की पूर्ण शाफ्ट, एवढा मोठा असतो.

शाफ्टकडे जाण्याआधी माती

कोकणात हा टप्पा ओलांडून पुढे जाऊच नये. पावसाळ्यात तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, उघडीप पडली की कडक वाळते आणि चाकाचा तोल बिघडवते. चारही रिम आतून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग बॅलन्सिंग करून घ्या. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅलॉय व्हीलचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग हवी. ती नसेल तर चाक मध्यापासून किंचित सरकून बसते आणि कितीही बॅलन्स केले तरी थरथर जात नाही.

दुसरे कारण तर इथल्या काळजीतूनच येते. खारी हवा म्हणून पावसाळ्याआधी गाडीला खालून अँटिरस्ट कोटिंग मारून घेतात. फवारा मारणाऱ्याने प्रॉपेलर शाफ्ट झाकला नाही, तर त्यावर एका बाजूला जाड थर बसतो आणि तोल जातो. कोटिंगनंतर थरथर सुरू झाली असेल तर शाफ्ट रॉकेलने पुसून काढा. त्यावर जोडलेले छोटे लोखंडी वजन मात्र उपटू नका. ते कारखान्यात तोल साधण्यासाठी वेल्ड केलेले असते.

गाडी उचलताना

पावसात भिजलेल्या अंगणात जॅकखाली जाड फळी घाला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, दोन्ही बाजूंना स्टँड लावायचे, जमिनीवरच्या चाकांना अडण द्यायची. आणि हे कळकळीने सांगतो: जांभ्याचा चिरा गाडीखाली टेकू म्हणून लावू नका. घर बांधायला उत्तम दगड आहे तो, पण सच्छिद्र आहे; एका टोकावर भार आला की फुटतो, आणि फुटण्याआधी सांगत नाही.

उचललेल्या गाडीत इंजिन चालवून चाके फिरवण्याचा मोह टाळा. धोका आहेच, शिवाय चाके लोंबकळलेली असताना जॉइंटचे कोन वेगळे होतात आणि चांगला जॉइंटही आवाज करतो.

हाताने काय तपासायचे

पुढच्या ओढीच्या गाडीत आधी जॉइंट झाकणारा रबरी बूट बघा. घड्या बोटांनी उघडून आत पाहा, कारण चीर तिथेच असते. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट फाटलाच समजा. मग शाफ्ट हाताने वर-खाली हलवा: बाहेरच्या जॉइंटला अशी ढिलाई चालत नाही. आतला जॉइंट मात्र आत-बाहेर सरकतो. चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी बदलावी लागते, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. हे न कळल्यामुळे चांगले शाफ्ट भंगारात जातात.

मागच्या ओढीच्या गाडीत क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलट दिशांना पिळा. जरासुद्धा ढिलाई नको. कपांच्या कडेला गंजाच्या रंगाची पूड दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत. रबर कपलिंग (शाफ्टची टोके जोडणारी जाड रबरी चकती) असेल तर बोल्टच्या आजूबाजूच्या भेगा टॉमीने हलके ताणून बघा. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले की शाफ्ट मध्यभागी झोळतो. डिफरन्शियलची माउंटिंग शेवटी. खाडीकाठच्या गाड्यांत त्यांचे बोल्ट गंजून बसलेले असतात, तेव्हा आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा.

सगळे घट्ट आहे आणि तरी दिशा बदलताना एकच बारीक 'टक' येते? अ‍ॅक्सल नट (शाफ्ट हबला आवळून धरणारा) आणि हबचा पृष्ठभाग तपासा. तिथे गंज चढला की शाफ्ट आणि हब एकमेकांवर किंचित सरकतात. साफ करून, नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळला की बऱ्याचदा काम संपते.

सीव्ही जॉइंट आणि बूट

बूट नुकताच फाटला असेल आणि टकटक सुरू झालेली नसेल, तर त्याच आठवड्यात काम करा. आत गेलेली वाळू आणि खारे पाणी जॉइंट फार दिवस टिकू देत नाहीत.

अ‍ॅक्सल नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, पण नट काढल्यावर गाडीचा भार त्या चाकावर टाकू नका, ढकलूही नका. व्हील बेअरिंग खराब होते. खालचा बॉल जॉइंट सोडवा, हब बाजूला ओढा. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचा दातेरी भाग) हबमध्ये गंजून अडकली असेल तर हातोडीने थेट ठोकू नका, आटे फुलतात, पुलर लावा. शाफ्ट सुटला की लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. गिअरबॉक्समधून तो काढताना तेल सांडेल, खाली ट्रे ठेवा, ऑइल सील बदला आणि सांडलेले तेल त्याच प्रकारच्या तेलाने भरून काढा.

जॉइंट उघडून पूर्ण धुवा. गोळ्यांवर खड्डे आणि त्यांच्या खोबणीत हाताला लागणारी पायरी असेल तर जॉइंट बदलायचा. नुसते नवे ग्रीस घालून आवाज चार दिवस दबतो आणि परत येतो. खोबण्या गुळगुळीत असतील तर किटमधले मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस सगळे भरा. साधे चासिस ग्रीस इथे चालत नाही. क्लॅम्प आवळण्याआधी बुटाची कड उचलून आतली हवा सोडा, नाहीतर बूट फुगून लवकर फाटतो. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधा पट्टीचा क्लॅम्प किनाऱ्यावर गंजून तुटतो आणि चांगला बूट फुकट जातो. सर्क्लिप (जॉइंट जागेवर धरणारी कडी) दरवेळी नवी. जॉइंटवर एबीएसची (चाकाचा वेग मोजण्यासाठीची) रिंग असेल तर तिला गंजाची भेग नाही ना, तेही आत्ताच बघून घ्या.

माझे स्पष्ट मत असे, की ट्यून केलेल्या किंवा मुळातच जास्त टॉर्कच्या गाडीला स्वस्तातला अख्खा शाफ्ट घालण्यापेक्षा मूळ शाफ्टला चांगला जॉइंट बसवावा. मूळ दांडीचे पोलाद आणि तिची उष्णता-प्रक्रिया त्या टॉर्कसाठी ठरवलेली असते.

प्रॉपेलर शाफ्ट

काढण्याआधी दोन्ही टोकांना आणि मधल्या जोडाला रंगाने खुणा करा. दोन क्रॉस एका ठरावीक मांडणीत असतात. एक दाता इकडेतिकडे बसला तरी नवीन थरथर सुरू होते. रबर कपलिंग बसवताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवा, रबराला पीळ पडता कामा नये. सेंटर बेअरिंग काही गाड्यांत काही मिलिमीटर पुढे ओढून आवळायचे असते; तो आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

तोलाचा संशय उरला तर दोन होज क्लॅम्प शाफ्टवर घाला, स्क्रू एकाच जागी आणा आणि रस्त्यावर फिरून बघा. मग स्क्रू थोडे थोडे गोल सरकवत, नंतर एकमेकांपासून दूर नेत, थरथर कमीत कमी होते ती जागा शोधा. जुनी पद्धत आहे, पण खरी आहे. यातून फरक पडला तर शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवण्यात अर्थ आहे. त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करावी; लेथ आणि शाफ्टची कामे करणारे तिथे भरपूर आहेत.

गाडी स्प्रिंग बदलून खाली केली असेल तर कोन मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर, चारही चाकांवर भार असताना, फोनमधल्या कोनमापकाने गिअरबॉक्सचा, शाफ्टचा आणि डिफरन्शियलचा कोन घ्या. दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळावेत आणि साधारण तीन अंशांपुढे जाऊ नयेत. अगदी शून्यही नको. सुया एकाच जागी घासून खड्डे पाडतात. फरक असेल तर माउंटिंगखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून जुळवा.

पुराच्या पाण्यातून गेली असेल तर

२०२१च्या जुलैत चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. तेवढे नाही, तरी हबच्या वर पाणी आलेल्या गाडीचे डिफरन्शियल ऑइल पाहायलाच हवे. गरम डिफरन्शियल पाण्यात अचानक थंड झाले की ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदला, थोडे चालवून पुन्हा एकदा बदला. समुद्राच्या वाळूत गेलेली गाडी घरी येताच खालून गोड्या पाण्याने धुवा, बुटांच्या घड्यांसकट.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच माणसाला शेजारी बसवून जा आणि नवे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. साधारण शंभर किलोमीटरनंतर खोललेले बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, मात्र एकदाच वापरायचे आणि कोनाने आवळायचे बोल्ट पुन्हा आवळू नका. थरथर गेली पण ठोका राहिला असेल, तर आता शाफ्ट सोडा आणि ड्युअल मास फ्लायव्हीलकडे (इंजिन आणि क्लच यांमधल्या, आत स्प्रिंग असलेल्या जड चकतीकडे) वळा.